पेन्सिलीखालचा गाल

"आजवर मी एकाबी माणसाला त्याचा चेहरा दिला नाय," सहदेव एकदा म्हणाला होता.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. तेव्हा तो कुंभिवलीच्या नाक्यावर ट्रकांच्या नंबरपाट्या रंगवायचा. टपरीवर चहा पिणाऱ्या एका ड्रायव्हरने चेष्टेने विचारलं होतं, "तू म्हणं कर्जतला फोटोवाला होतास. मग आमचं थोबाड काढ की एकदा." त्यावर सहदेव एवढंच बोलला आणि पुन्हा पाटीवर वाकला. ऐकणाऱ्यांना वाटलं, सकाळी सकाळीच चढवलीय. पण तो दारूला शिवत नव्हता.

खरं म्हणजे तो फोटोवाला कधीच नव्हता. कॅमेऱ्याला त्याने हात लावला नाही. कर्जतच्या बाजारात वाल्मिकशेठचा स्टुडिओ होता. फोटो काढायचे वाल्मिकशेठ, आणि काढताना जे बिघडे ते दुरुस्त करायचा सहदेव. वयाच्या अठराव्या वर्षी तो तिथे आला आणि चौदा वर्षं एकाच खिडकीशी बसला.

बिघडायचं मात्र पुष्कळ. वाल्मिकशेठला फ्लॅशची भीती होती. एका लग्नात बल्ब फुटून नवरीच्या मांडीवर काचा उडाल्या, तेव्हापासून त्यांनी ते खूळ सोडलं. भिवपुरीच्या वीजघरातली वीज डोक्यावरच्या तारांतून मुंबईकडे जायची, गावात कंदील आणि बत्त्या. त्यामुळे खेड्यातला कार्यक्रम म्हटला की काचेच्या प्लेटवर अंधारच जास्त यायचा. दुसऱ्या दिवशी शेठ ती प्लेट सहदेवच्या मेजावर ठेवत आणि म्हणत, "काळोखात गेलीय रं. काढ बाहेर."

सहदेव काढायचा. आधी प्लेट पाऱ्याच्या औषधात बुडवायची. ती भुतासारखी पांढरी पडे. मग अमोनियात घातली की काळी होऊन दाट होई आणि जे दिसत नव्हतं ते दिसू लागे. त्या औषधाने त्याची नखं कायमची तपकिरी झाली होती. मग पेन्सिलीचं काम. खिडकीपाशी उतरती चौकट, खाली आरसा, आरशातला उजेड काचेतून वर येई. काचेवर सगळं उलटं असतं. फोटोत जे काळं ते काचेवर कोरं. कोऱ्या जागी सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने बारीक बारीक रेघा भरल्या की फोटोत ती जागा उजळते. देवीचे व्रण, डोळ्यांखालचा काळिमा, उपासाने बसलेले गाल, सगळं असं भरून निघे. गिऱ्हाइकाला कधी विचारलं जात नसे. चेहऱ्यावर जे कोरं दिसेल ते भरायचं, हा शेठचा नियम.

मेलेल्याचा फोटो आला तर डोळे उघडायचंही काम त्याचंच. तो माणूस जिवंतपणी कसा बघायचा हे घरच्यांना विचारायची पद्धत नव्हती. सहदेव सगळ्यांना सरळ समोर बघायला लावी. तालुक्यातल्या कितीतरी भिंतींवर, हारांच्या आड, त्याने काढलेली ती एकच नजर टांगलेली होती.

सहासष्ट सालच्या चैत्रात कशेळ्याच्या पलीकडल्या एका गावातून मैनेची प्लेट आली. नागूशेठ तिथला बरा बागायतदार. त्याच्या सुनेचं, मैनेचं, डोहाळजेवण होतं. मोगऱ्याच्या कळ्यांचा मुकुट, कळ्यांचे बाजूबंद, कमरेला कळ्यांचा पट्टा, आणि या सगळ्याच्या आत एकोणीस वर्षांची बाई, पाटावर बसलेली. बत्ती तिच्या डाव्या हाताला ठेवली होती. प्लेटवरचं चित्र इतकं फिकं की आधी सहदेवला फक्त कळ्या दिसल्या.

पाऱ्यात दोनदा घातल्यावर चेहरा वर आला. सहदेवने भिंग लावलं. उजव्या भुवईवर एक जुना व्रण होता, तो त्याने भरला. मग डावा गाल. तिथे काहीतरी कोरं होतं, आडवं, तुटक. सावली म्हणावी तर गालाच्या याच बाजूला बत्ती होती, आणि सावली तर दुसरीकडे पडायला हवी. हे त्याला कळलं. नक्की कळलं, पुढे सतरा वर्षं तो स्वतःला हेच सांगत राहिला. पण कळणं आणि पेन्सिल यांत एका श्वासाचंही अंतर नव्हतं. हात चालू होता, चालूच राहिला. अर्ध्या तासात गाल गुळगुळीत झाला.

फोटो फार सुंदर आला. वाल्मिकशेठनी एक प्रत काचेच्या कपाटात लावली. बाजारातून जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या.

वैशाख लागला तशी बातमी आली, नागूशेठची सून पेज नदीत गेली. धुणं धुताना पाय घसरला म्हणे. पोटातलंही गेलं. वाल्मिकशेठनी कपाटातला फोटो काढून घेतला आणि सहदेवला म्हणाले, "अशुभ नको."

महिन्याभराने एक बाई स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसली. पन्नाशीची असेल. पदराखाली काहीतरी चौकोनी धरलेलं. शेठ नेरळला लग्नात गेले होते.

"फोटू पेन्सिलीनं कोण करतं?" तिने विचारलं.

"मी. बोला मावशी."

"मी मैनेची आय. भागूबाई. कुंभिवलीची." तिने पदराखालचा फोटो काढला. तोच, मोगऱ्याचा. "नागूशेठनं धाडला आमाला. म्हनं बघा, तुमची पोर आमी कशी फुलात ठेवली होती. आमचं मानूस तर फोटू बघून इरघळूनच गेलं."

तिने फोटोतल्या भुवईवर बोट ठेवलं.

"हिच्या भुवईवर खूण होती. पाच वर्षांची असताना उंबऱ्यावर पडली, मीच हळद दाबली. ती खूण कुठं गेली?"

"भरली. आमी भरतो मावशी. सगळ्यांचंच भरतो."

"बरं." तिने फोटो मांडीवर पालथा ठेवला. "मंग आनखी काय काय भरलंस रं बाबा?"

सहदेवला वाटलं, कुणीतरी खिडकी बंद केली. त्याने तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती वाट पाहणं होतं. मग तिनेच सांगितलं, की नागूशेठकडून मागणी आलीय. धाकटी शकू, सोळावं लागलेली, तिला त्याच घरात, मैनेच्या नवऱ्याला, त्याच गजाला द्या. आपल्याकडे थोरली गेली की धाकटी देतात. घर तुटत नाही. बुधवारी कुंभिवलीला बैठक, सुपारी फुटणार.

"मी म्हनते नको. तर म्हन्तात, कशापायी नको? पोरीच्या अंगाला बोट लागलं नाय, ह्यो फोटू बघ. मैना माज्याशी बोलली नव्हती रं काय. नुसती हसायची. पन माजं मन खातं." ती उठली. "तुला काय दिसलं आसंल तं सांग. नसंल दिसलं तं तसं सांग. मंग मी गप बसते."

"डाव्या गालावर कायतरी होतं," सहदेव म्हणाला. आपलाच आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला. "काय ते बघून सांगतो. बुधवारी येतो मी."

पेन्सिल टर्पेंटाइनने निघते. एवढी सोपी गोष्ट, पण चौदा वर्षांत केलेलं काम पुसायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. मैनेची प्लेट लाकडी खोक्यातून काढून त्याने कापसाचा बोळा फिरवला. शिसं मळासारखं बोळ्याला आलं. मग डार्करूमचं दार लावून त्याने प्लेटखाली कागद ठेवून उजेड दाखवला आणि तो कागद औषधात सोडला. लाल दिव्यात आधी कळ्या वर आल्या, मग डोळे, मग भुवईवरची ती पाचव्या वर्षीची खूण. गाल बराच वेळ कोरा राहिला. मग त्यावर एक पट्टा आला, त्याखाली दुसरा, तिसरा. चौथा अर्धा. कानापासून ओठाकडे.

त्याने कागद पाण्यात धुतला आणि पालथा वाळत घातला.

शेठ परत आले, त्यांनी वाळत घातलेला फोटो उलटून बघितला आणि दाराला कडी लावली.

"कुणी सांगितलं तुला?"

"तिच्या आयनं."

"गिऱ्हाईक कोण? नागूशेठ. प्लेट कुणाची? माझी. आय मधेच कुठून आली रं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "सहदेव, उद्या लोक म्हणतील ह्या स्टुडिओत चेहरे चोरतात. कुणी उंबरा चढणार नाय. तुझं काम तू करतोस ते छान करतोस. करत राहा."

"शेठ, बोटं हायत ती."

"डाग हाय. पाऱ्यात दोनदा घातलेली प्लेट, डाग पडणारच."

बुधवारी सहदेव कुंभिवलीला गेला. येसाजी, मैनेचा बाप, याच्या अंगणात मांडव घातलेला नव्हता, नुसत्या सतरंज्या. मधे स्टुलावर मैनेचा फोटो, मोगऱ्याचा, त्याला वर आणखी खऱ्या मोगऱ्याचा हार. एका बाजूला येसाजी आणि भावकी. समोर नागूशेठ पांढऱ्या टोपीत, शेजारी गजा मान खाली घालून नखाने सतरंजीचा धागा उसवत होता. आणि नागूशेठच्या मागे वाल्मिकशेठ. त्यांना मुद्दाम बोलावून आणलं होतं, म्हणजे ही गोष्ट नागूशेठपर्यंत आधीच पोचली होती. दाराच्या आत बाया. त्यांच्यात शकू कुठली ते सहदेवला कळलं नाही.

भागूबाईने उंबऱ्यातूनच सांगितलं, "बोल बाबा."

सहदेवने पिशवीतला फोटो काढून स्टुलावर पहिल्याच्या शेजारी ठेवला. "ही तीच प्लेट. माझी पेन्सिल पुसून काढलीय. डाव्या गालाला बोटं हायत."

लोक पुढे झुकले. कुणीतरी फोटो हातात घेतला, दुसऱ्याला दिला. तो हातोहात फिरला आणि फिरता फिरता त्याचा एक कोपरा दुमडला.

नागूशेठने सगळ्यात शेवटी बघितलं. त्याने फोटो लांब धरला, जवळ धरला आणि हसला. "कमाल हाय तुजी. चैतात पोर गोरी केलीस, जेठात काळी केलीस. आशाडात काय करशील रं? मिशा काढशील तिला?"

दोघेतिघे हसले. येसाजीच्या भावकीतलेही.

"मी काढलं नाय कायच," सहदेव म्हणाला. "काढलेलं पुसलं."

"त्येच ते. हात तुजाच नं?"

मग भावकीतला एक म्हातारा वाल्मिकशेठकडे वळला. "तुमी धनी. तुमी सांगा, काय हाय ह्ये?"

वाल्मिकशेठनी घसा साफ केला. "बत्तीचा उजेड कमी पडला होता. प्लेट औषधात घालावी लागली. औषधाचे डाग येतात."

"येतात का रं डाग?" म्हाताऱ्याने सहदेवला विचारलं.

सहदेवने शेठकडे पाहिलं. शेठ स्टुलाकडे पाहत होते. नाही म्हणणं सोपं होतं. पण चौदा वर्षांत त्याने अशा शेकडो डागांवर पेन्सिल चालवली होती, आणि ते शेठला माहीत होतं.

"येतात," तो म्हणाला. "पन ते ठिपक्यावानी येतात, असे पट्ट्यानं नाय. आनि बत्ती ह्याच बाजूला होती, सावली म्हनायला जागा नाय. भुवईवरची खूण तर तिच्या आयलाबी माहीत हाय, ती बरोबर जागी आलीय. मंग गालाचंच खोटं कसं?"

"येतात म्हन्ला ना?" नागूशेठ म्हणाला. "झालं तर."

हे असं असतं, सहदेवच्या मनात आलं. जन्मभर लोकांना आपण जे शिकवलं, तेच ते आता आपल्याला म्हणून दाखवतायत. फोटो म्हणजे सहदेवचा हात. दुसरं त्यात काही नसतं.

गजाने एकदाच मान वर केली. त्याने स्टुलावरच्या दोन्ही फोटोंकडे पाहिलं आणि त्याचा उजवा हात आपोआप सतरंजीवरून उचलून मांडीखाली गेला. ते सहदेवने पाहिलं. येसाजीनेही पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. येसाजीचा चेहरा क्षणात राखेसारखा झाला आणि सहदेवला वाटलं, आता हा माणूस उठेल, कर्जतला फौजदाराकडे चालू लागेल, आणि आपण त्याच्यामागून जाऊ.

येसाजी उठला नाही. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "शकूचं आवंदा नको. पोर लहान हाय."

"सोळाची म्हंजे लहान?" नागूशेठ म्हणाला.

"लहान हाय. अशक्त हाय. पुढं बघू."

दाराच्या आत कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. नागूशेठ थोडा वेळ फणफणला, आमाला काय पोरींचा तोटा हाय काय म्हणाला, मग तोही निवला. सगळ्यांच्याच अंगातून काहीतरी उतरल्यासारखं झालं. शकू सुटली होती, आणि कुणाला कुणावर काही म्हणावं लागलं नव्हतं. म्हाताऱ्याने आत हाक मारली, "चहा आना गं." दोन्ही घरचे लोक पावसाचं बोलू लागले. दुमडलेल्या कोपऱ्याचा फोटो कुणाच्या तरी गुडघ्याखाली गेला होता. भागूबाई बाहेर आली, वाकली, तो ओढून घेतला आणि कुणाकडे न बघता आत गेली.

येसाजी सहदेवपाशी येऊन उकिडवा बसला. त्याचा आवाज हळू होता, जवळजवळ मायेचा.

"बाबा, उपकार झाले तुजे. एक काम कर. तिचा मोठा फोटू पायजे, भितीला लावायला. ह्यो चांगला हाय." त्याने स्टुलावरच्या मोगऱ्याच्या फोटोकडे बोट केलं. "साफ केलेला. आली-गेली मानसं बघतात. आनि डोळे जरा हसरे करता आले तं बघ."

वाल्मिकशेठ मागून म्हणाले, "करील की. हात सोन्याचा हाय त्याचा."

कुणीतरी सहदेवच्या पुढे कपबशी ठेवली. चहावर साय धरू लागली होती. त्याने आपली तपकिरी नखं पाहिली, मग येसाजीचा चेहरा पाहिला, त्यावरची एक न् एक रेघ, आणि त्याचा अंगठा आणि तर्जनी पेन्सिल धरल्यासारखी जवळ येऊ लागली. त्याने मूठ मिटली. पिशवी उचलली. सतरंजीच्या कडेला काढलेल्या चपला पायात न घालता हातात घेतल्या, आणि येसाजी अजून उत्तराची वाट बघत असताना सहदेव अंगणाबाहेर पडला.