मिलो क्रेयचीच्या पोराचं कॉलेज

"कोच काय बोलतो ते ऐकू नका, बाकावर कुणाला बसवून ठेवतो ते बघा," असं मिलो क्रेयची कायम म्हणायचा. नेब्रास्कातल्या त्या गावात कुणाचा पोरगा बेसबॉलसाठी कॉलेज शोधायला लागला, की बाप आधी मिलोला गाठायचा. मिलो काउंटीचे मातीचे रस्ते सपाट करणारं यंत्र चालवायचा. मक्याच्या दोन भिंतींमधून ते संथ यायचं, मागे धुळीचा पडदा लांबत जायचा, आणि अडलेल्या बापाला भर रस्त्यात सल्ला मिळायचा. मिलो स्वतः कुठल्याच कॉलेजात खेळला नव्हता. त्यामुळे त्याचं मत कधी डळमळत नसे.

मग त्याचाच पोरगा, टॉबी, शाळेच्या शेवटच्या वर्षात आला. टॉबी कॅचर. फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलण्यात त्याचा जीव होता. कॉलेजात त्याला एकच हवं होतं: खेळायला मिळावं. मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. राहिली दोन छोटी कॉलेजं.

एकाचं मैदान खड्ड्यांचं. तिथला कोचच संघाची बस चालवायचा. तो टॉबीला तोंडावर म्हणाला, "बॅट तुझी यथातथाच आहे. पण आमचा कॅचर यंदा पास होऊन चाललाय. तू आलास तर तूच."

"बोलायची रीत नाही," मिलो बाहेर येऊन म्हणाला. "आणि मैदान तर माझ्या यंत्राखाली घालायच्या लायकीचं."

दुसरं नदीकाठचं, दगडी कमानीचं, गालिच्यासारख्या नकली हिरवळीचं. तिथल्या कोचने मिलोचा हात दोन्ही हातांत घेतला. "मिस्टर क्रेयची, कॅचर मी पोरात शोधत नाही. बापाच्या खांद्यात शोधतो."

मिलो जागच्या जागी विरघळला आणि पोराला न विचारता हो म्हणून बसला. परत येताच तो कॅफेत शिरला. "पहिल्या दिवसापासून खेळणार माझा पोरगा!"

कॅफेवाल्या बर्नीसने त्याच्यापुढे कोलाची, म्हणजे जर्दाळू भरलेला गोड पाव, ठेवला. "खा. आमच्या मिलोला कोण फसवणार!"

वसंतात त्या कॉलेजाने नव्या पोरांच्या घरच्यांना सामना बघायला, जेवायला बोलावलं. रांगेत मिलोच्या पुढे एक ढेरपोट्या गृहस्थ होता.

"तुमचा पोरगा काय खेळतो?" मिलोने विचारलं.

"कॅचर. कोच म्हणाले, माझ्या खांद्यांवरूनच ओळखलं."

मागून एक बाई हसली. "अय्या, मला म्हणाले आईच्या डोळ्यांत दिसतो! आमचाही कॅचरच."

मिलोच्या ताटातला बटाटा तसाच राहिला. टॉबी तर जेवायलाच आला नव्हता. मिलो शोधत गेला, तर तो मैदानाच्या कुंपणाला टेकून उभा होता. बाक भरून पोरं ओसंडत होती, उरलेली भिंतीला लागून उभी, कोऱ्या करकरीत गणवेशात.

"तो पाण्याची पिंपं भरतोय ना, बाबा, तोही कॅचर. तिसरं वर्ष त्याचं. विचारलं, कसं आहे? तर म्हणाला, हिरवळ छान आहे."

पिकअप परतीच्या वाटेला लागली. मिलोची बायको डार्लीन म्हणाली, "अख्ख्या जगाला शिकवत होतास, मिलो."

"माहितीये गं."

"राहू दे, बाबा," टॉबी म्हणाला. "गावभर सांगून झालंय. हसतील तुला. मी बसेन बाकावर."

मिलोने गाडी गावात आणली. कॅफेसमोर ती थांबवली. आत संध्याकाळची सगळी मंडळी जमलेली होती. ज्यांना त्याने सल्ले दिले होते, ते सगळे बाप.

"त्या बसवाल्या कोचला फोन कर," तो टॉबीला म्हणाला. "येतो म्हणाव. मी आत सांगून येतो."

"सगळं सांगणारेस?" डार्लीनने विचारलं.

"खांद्यांचंसुद्धा."

तो खाली उतरला, पॅन्ट सावरली, आणि त्याच्या यंत्राच्याच चालीने दाराकडे निघाला. आतून बर्नीस हात हलवत होती. पिकअपमधून बायको आणि पोरगा त्याच्या पाठीकडे बघत राहिले.