कोऱ्या पानाखालची सही

हुणसेकट्टेच्या सरकारी शाळेच्या समितीवर महानंदाला घेतलं ते तिच्या हुशारीमुळे नव्हे, तिच्या जिभेमुळे. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शिवणाच्या दुकानात येणाऱ्या परमुलखातल्या बायकांशी मोडकंतोडकं हिंदी, अशा तिन्ही भाषांत तिचं काम भागायचं. तिचं माहेर-सासर दोन्ही बेंगळुरातलं, साडेतीनशे वर्षांपासूनचं. पुणं तिनं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही कुणाच्या तरी लग्नाला जाताना, बसच्या खिडकीतून.

हुणसेकट्टे म्हणजे के. आर. पुरमच्या पुढचं, शहरानं गिळलेलं गाव. नाचणीची शेतं गेली, तिथं चौदा-चौदा मजले उभे राहिले. गावातल्या जुन्या घरांची मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जाऊ लागली. सरकारी शाळेत उरली ती यादगीर-रायचूरहून आलेल्या गवंड्यांची, नेपाळी वॉचमनांची आणि बंगालहून कचरा निवडायला आलेल्यांची मुलं. आणि महानंदाची सहावीतली सौम्या.

शाळेवर देखरेख ठेवायला पालकांची समिती असते. पालकांनी निवडायची, पालकांनीच चालवायची. हुणसेकट्टेत ती मंजुनाथ चालवायचा. शाळेची जमीन त्याच्या आजोबांनी दिलेली, कमानीवर त्यांचं नावही होतं. मंजुनाथची स्वतःची मुलं या शाळेत कधी आली नाहीत. पण अध्यक्ष व्हायचं तर पालक असावं लागतं, म्हणून त्यानं घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीच्या, भाग्याच्या नावापुढे पालक म्हणून स्वतःचं नाव लावून घेतलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं, महानंदाही नाही. तिचं दुकान मंजुनाथच्या चुलत्याच्या गाळ्यात होतं.

जानेवारीत झेंडावंदन झालं, मुलांना लाडू वाटले, आणि मंजुनाथनं समितीची वही तिच्या हातात दिली. "अक्का, या बायकांना स्वल्प सांग. हजेरीच्या सह्या पाहिजेत, ऑफिसात दाखवायच्यात."

महानंदानं पहिली सही स्वतःची केली आणि समितीतल्या दहा बायकांना रांगेत उभं केलं. यादगीरची शरणम्मा रांगेत तिसरी होती. बांधकामावर घमेली उचलून तिचे तळवे दगडासारखे झाले होते. पानाकडे बघून ती म्हणाली, "वर तर काहीच लिहिलेलं नाही. कशाचा अंगठा?"

"हजेरीचा गं," महानंदा म्हणाली. "मी आहे ना."

शरणम्मानं अंगठा दिला.

जूनमध्ये शेजारच्या टॉवरमधली उल्का तिच्या दुकानात आली. पुण्याची, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. महानंदा सौम्यावर मराठीतून ओरडत होती, ते ऐकून उल्काचा चेहरा उजळला. "अय्या, तुम्ही मराठी? किती छान वाटलं. इथे सगळीकडे हिंदीच बोलावं लागतं." तिनं चार ब्लाउज टाकले आणि मापं देता देता म्हणाली, "बरं झालं तुम्ही कमिटीत आहात. आमच्या दोनशे फ्लॅट्सना धड अ‍ॅप्रोच रोड नाहीये. आग लागली तर बंब आत येणार नाही. तुमच्या शाळेनं एनओसी दिली, मोठं काम झालं."

"कसली?"

उल्कानं फोनवर फोटो दाखवला. समितीच्या वहीचं तेच पान होतं. वरची कोरी जागा आता मंजुनाथच्या गोलसर कन्नड अक्षरानं भरली होती. मैदानाची पूर्वेकडची वीस फुटांची पट्टी रस्त्यासाठी देण्यास शाळेची हरकत नाही. खाली सह्या, अंगठे. पहिली सही महानंदाची.

त्याच पट्टीत मुलींचं शौचालय होतं आणि पाण्याची टाकी.

दुसऱ्या दिवशी तिनं मुख्याध्यापिका पद्मावती टीचरना गाठलं. टीचरनी वही कपाटातून काढली, पण हातात दिली नाही. "सही तुमची आहे की नाही?"

"माझी आहे. पण पान कोरं होतं."

"मग कोऱ्यावर केली कशाला? मला यात ओढू नका, माझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत."

मंजुनाथ तेवढ्यात आलाच. बहुधा टीचरनीच निरोप धाडला असावा. तो खुर्चीवर बसला, महानंदा उभीच राहिली. "काय अक्का, हजेरी कमी पडली का?"

"अण्णा, ते पान रद्द करा. आम्हाला रस्त्याचं कुणी विचारलं नव्हतं."

"जमीन माझ्या आजोबांनी दिली. त्यातली वीस फूट जातेय. बदल्यात ते फ्लॅटवाले नवं शौचालय बांधून देतायत, मागच्या अंगाला. फरशीचं. तुला काय त्रास?"

"मागं बांधकामावरची माणसं दारू पीत बसतात. मुली तिकडे जायच्या नाहीत. आणि दिलेलं परत घेतात का, अण्णा?"

मंजुनाथचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तू मला शिकवू नको. कुठून कुठून आलेली माणसं तुम्ही. त्या मजुरांना कळत नाही, पण तुला कळायला पाहिजे. हे गाव कुणाचं आहे?"

"तुमच्या आजोबांच्या लग्नाचा कोट माझ्या आजेसासऱ्यांनी शिवला होता."

"शिवला, आणि शिलाई घेऊन गेला. तेवढ्यानं गाव त्याचं होत नाही."

महानंदा वळून बाहेर पडली. घरी जाताना दहा उत्तरं सुचली, त्यांचा उपयोग नव्हता.

आठवड्याभरात गावातल्या बायका न शिवलेलं कापड परत मागून नेऊ लागल्या. एकीनं तर तिच्यादेखत घडी उलगडून पाहिली, कुठं कातर लागली नाही ना. मंजुनाथच्या चुलत्यानं महिनाअखेर गाळा रिकामा करायला सांगितलं. तिचा नवरा रणजीत विमानतळावर टॅक्सी चालवायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "सही केलीस तेव्हा विचारलं नाहीस. आता विचारून आपलं घर का मोडतेस?"

उल्का अर्धवट शिवलेले ब्लाउज न्यायला आली तेव्हा तिच्या मराठीतला गोडवा संपला होता. "मला वाटलं, आपली माणसं आहात तुम्ही. तुम्हीच आमच्या विरोधात सगळ्यांना भडकवताय म्हणे."

"आपली म्हणजे कुणाची, मॅडम?"

"म्हणजे काय? मराठी."

"माझी मुलगी त्या शाळेत आहे. तुमची आहे का?"

"आम्ही कंप्युटर्स देणार होतो त्या शाळेला," उल्का म्हणाली. "तुमच्यासारख्यांचं भलं करायला जावंच कशाला?" पिशवी उचलून ती गेली. पुन्हा समोर आली तरी ओळख दाखवली नाही.

शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात महानंदा तीनदा गेली. तिसऱ्या खेपेला एका कारकुनानं मान वर न करता सांगितलं, समितीचा ठराव पालकांची सभा मोडू शकते, निम्म्याहून जास्त पालक हजर पाहिजेत. शाळेत चौऱ्याण्णव घरांची मुलं होती. म्हणजे अठ्ठेचाळीस पाहिजेत. ते सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहणारे, एक दिवस खाडा झाला तर मुकादमाच्या शिव्या खाणारे. त्यांना आणायचं तर आधी शरणम्माकडे जायला हवं होतं.

शरणम्मा शेडच्या दारात भाकरी थापत होती. महानंदानं सगळं सांगितलं. शरणम्माचा हात थांबला नाही.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "तू काय म्हणाली होतीस?"

"चुकलं माझं."

"तू त्यांच्याशी बोलतेस तेव्हा त्यांची असतेस, आमच्याशी बोलतेस तेव्हा आमची. तू कुणाची ते आम्ही ओळखायचं कसं? माझ्या नवऱ्याला मंजुनाथच्या मेव्हण्यानं, मुकादमानं, कालच कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. तू सभा बोलावणार हे त्यांना कळलंय."

"सभेला आलीस तर तो अंगठा खोटा पडेल."

"यायचं की नाही ते आमचं आम्ही बघू. तू जा आता. माणसं बघतायत."

महानंदाच्या अर्जावरून जुलैच्या एका शनिवारी सभा ठरली. मंजुनाथची चार माणसं फाटकात उभी राहून येणाऱ्यांकडे इथलं मतदार कार्ड मागत होती. नाही म्हटलं की बाजूला. नेपाळी बायका मागं फिरायला लागल्या होत्या. महानंदा फाटकात गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "ही निवडणूक नाही. यांची मुलं आत शिकतात."

"तू बाजूला हो, मराठी," त्यातला एक म्हणाला आणि खांद्यानं तिला ढकललं. ती भिंतीवर आदळली. कोपर सोललं.

तेव्हा पद्मावती टीचर बाहेर आल्या. त्यांनी हजेरीपुस्तक आणलं होतं. "मी मुलांची नावं वाचते," त्या म्हणाल्या. "ज्याचं मूल असेल तो आत येईल. सरकारी पुस्तक आहे, यात मतदार कार्डाचा रकाना नाही."

फाटकावरची माणसं मंजुनाथकडे बघू लागली. पुस्तकापुढे त्यालाही काही बोलता येईना. टीचर एकेक नाव वाचत गेल्या, एकेक माणूस आत येत गेलं. शरणम्मा आली, तिच्यामागं शेडमधल्या वीस बायका. सहावीच्या यादीत भाग्याचं नाव आलं. मंजुनाथ सवयीनं पुढे झाला, आणि त्याच वेळी गर्दीतून त्याच्याच घरी भांडी घासणारी बाई पुढे आली.

"आई मी आहे," ती म्हणाली. नजर खाली होती, पण ती मागे सरकली नाही.

"तू घरी जा," मंजुनाथ म्हणाला.

"सभा संपली की जाते."

टीचरनी एकदाच मंजुनाथकडे पाहिलं आणि बाईला आत घेतलं. त्या बाईचं काम त्याच संध्याकाळी गेलं.

त्रेपन्न पालक हजर होते. ठराव मोडायला त्रेपन्न हात वर झाले. शौचालय होतं तिथंच राहणार होतं. महानंदाला वाटलं, आता कुणीतरी तिच्याकडे बघेल. बघितलं ते शरणम्मानं. ती उठून उभी राहिली.

"एक राहिलं. आमचे अंगठे कोऱ्या पानावर घेतले कुणी?"

महानंदा बाकावरून उठली.

"मी," महानंदा म्हणाली.

"काय लिहिणार हे विचारलं होतंस?"

"नाही."

"मग नव्या समितीत ही नको," शरणम्मा सभेकडे वळून म्हणाली. "उद्या परत कुणी गोड बोललं तर परत सांगेल, मी आहे ना."

महानंदाच्या तोंडाशी आलं, मी नसते तर तुम्ही कुणी इथं आला असता का? माझं दुकान गेलं, माझं कोपर फुटलं, तुमचं काय गेलं? पण शरणम्माच्या नवऱ्याचं काम गेलं होतं, हे तिला ठाऊक होतं. शिवाय खिडकीच्या गजांना धरून सौम्या बघत होती. महानंदा खाली बसली. हात वर झाले, तिनं सह्या-अंगठे घेतलेल्या सगळ्या बायकांचे. तिनं मोजले नाहीत. नव्या समितीची अध्यक्ष शरणम्मा झाली.

"मिळालं काय तुला?" रणजीतनं घरी विचारलं. तिनं कोपराला हळद लावली आणि जेवायला वाढलं.

गाळा सुटला. शिवणयंत्र घरातल्या पुढच्या खोलीत, पलंग भिंतीला सारून बसवलं. गावातल्या बायका आल्या नाहीत. ती मंजुनाथच्या घरासमोर आली की कट्ट्यावरची माणसं गप्प होत आणि ती पुढं गेली की हसत. टॉवरवाल्यांनी रस्त्यासाठी दुसऱ्या बाजूनं खटपट सुरू केली आणि शाळेला द्यायचे कंप्युटर दुसऱ्याच शाळेला दिले. त्याचा दोषही गावानं तिच्याच माथी मारला.

ऑगस्टमध्ये पालकांची पुढची सभा झाली तेव्हा ती गेली. अडवलं नाही तसं कुणी या असंही म्हटलं नाही. मागच्या बाकावर भाग्याच्या आईशेजारी जागा होती, तिथं ती बसली. त्या बाईला आता दोन टॉवरांत पोळ्यांचं काम मिळालं होतं. शरणम्मा पुढे उभी राहून तिच्या खरखरीत यादगिरी कन्नडमध्ये टीचरना विचारत होती, मुलांचं दूध गेला महिनाभर इतकं पातळ का येतंय. टीचर कपाळ पुसत उत्तरं देत होत्या, आणि उत्तर पटलं नाही की शरणम्मा तोच प्रश्न पुन्हा विचारत होती.

महानंदा ऐकत होती. शरणम्माबद्दलचा राग तिच्या पोटात तसाच होता. तरी सभा संपेपर्यंत ती उठली नाही.