एका खळ्यात दोन तुळशी

आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, दोन तुळशी आहेत. नवीन माणूस आला की विचारतोच, दोन कशाला? जागा आहे म्हणून, असं आई सांगते. लहानपणापासून हे उत्तर ऐकते आहे आणि दर वेळी मला तिचा राग येतो.

आधी एकच होती, मधोमध. आई आणि काकी या दोघी जावा एका चुलीवर रांधायच्या. बाबा आणि काका मुंबईला नोकरीत, गणपतीला आणि मे महिन्यात उगवणारे. घर चालायचं ते या दोघींच्या जिवावर. दिवाळी आटपली की तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनातली जुनी माती काढून नवी भरायची. माती घरामागच्या परड्यातली, खत आमच्या गायरीतलं. गायरी म्हणजे शेणाचा खड्डा, पण मासे खाणाऱ्यांच्या खड्ड्यात नुसतं शेण कुठून असणार? काटे आणि खवले माडाच्या मुळातच टाकायचे, असा आमच्याकडे दंडक होता. मांजरं आणि कावळे दंडक पाळत नाहीत. त्यामुळे बाकी झाडांना कसंही चालायचं, तुळशीची माती मात्र चाळून, निवडूनच घालायची. तिच्या मुळाशी माशाचा काटा जाता कामा नये.

चाळायला गवंड्याची वाळू चाळायची जाळी होती. ती एकटीला पेलायची नाही. एका बाजूने आई, दुसऱ्या बाजूने काकी, आणि मध्ये मातीबरोबर सगळा गाव चाळला जायचा. कुणाच्या सुनेने काय केलं, कुणाच्या सासूने काय म्हटलं, हे मला अर्धंच कळायचं, पण दोघींना हसू आवरायचं नाही एवढं कळायचं. जाळीवर उरायचे जांभ्या दगडाचे खडे, करवंटीचे तुकडे, तिसऱ्यांचे शिंपले, फुटक्या बांगड्या. एकदा माझ्या बाहुलीचा पाय निघाला. खाली पडलेली माती काकी पुन्हा बोटांनी निवडायची, तांदूळ निवडावेत तशी, कारण तिची नजर तीक्ष्ण. मग ती माती एक दिवस उन्हात पसरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी काकी आपल्या हाताने वृंदावनात भरायची.

एका वर्षी तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी भटजी येऊन उभे होते. त्यांना पुढे बरीच घरं घ्यायची होती. शेजारच्या बायका जमल्या होत्या. आई वृंदावनात ऊस रोवायला लागली आणि मातीतून बांगडा मासळीचं डोकं वर आलं, मागे अख्खा काटा. एवढा मोठा काटा जाळीतून गेलाच कसा, हे कुणी विचारलं नाही. राग आला की माणूस मोजमाप करत नाही. आई सगळ्यांदेखत काकीला म्हणाली, "तुळस बाटयलंस तू."

भटजींनी पाणी शिंपडायला सांगितलं, "होतं असं" म्हणाले, आणि लग्न लावून पुढच्या घरी गेले.  काकीने सगळ्यांच्या हातावर चुरमुरे आणि उसाचे तुकडे ठेवले, आईच्याही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर काकीने पडवीत वेगळी चूल मांडलेली.

उन्हाळ्यात तिने कुडाळच्या बाजारातून सिमेंटचं तयार वृंदावन आणलं आणि खळ्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. तेव्हापासून एका खळ्यात दोन दिवे लागायला लागले. दोघी आपापली माती आपापल्या छोट्या चाळणीने चाळायच्या, एकमेकींकडे पाठ करून. जाळी गोठ्याच्या भिंतीला टांगलेली गंजून गेली. मी काकीकडे जायचे, तिची सोलकढी प्यायचे. आईने कधी अडवलं नाही आणि तिकडचं कधी विचारलंही नाही. काकीनेही आईबद्दल वाकडा शब्द काढला नाही. पुढे मी सावंतवाडीला शाळेत नोकरीला लागले, तरी सुट्टीला आले की तिच्या उंबऱ्यावर बसल्याशिवाय परतत नसे. उठताना ती आईची चौकशी हमखास करायची, "आवस काय म्हणता?"

काकीला जाऊन दीड वर्ष झालं. घराची तिची बाजू बंद असते, मुलगा मुंबईला. तिच्या तुळशीला पाणी आई घालते. मला वाटायचं, झाड मरू नये म्हणून घालत असेल.

यंदा आईच्या हातांना चाळणी पेलत नाही म्हणून माती मीच चाळली. खळ्यात पसरली आणि चहा घेऊन पायरीवर बसले. आई खुर्चीत बसून सुपातले खडे वेचत होती. तेवढ्यात एक कावळा चोचीत बांगड्याचं डोकं घेऊन आला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, चाळलेल्या मऊ मातीत ते डोकं खुपसलं, वर एक सुकं पान ओढलं आणि साळसूदपणे उडून गेला. मला आधी हसू आलं. मग तो जुना काटा आठवला आणि चहा तसाच ठेवून मी उठले.

मी आईला सगळं सांगितलं. म्हटलं, बघ, काकीचा काही दोष नव्हता, तिने नीटच निवडली होती. मला वाटलं आई रडेल. तिने मान वर केली नाही.

"लग्नाच्या दुसऱ्याच दिसा बघलंय गो मी तो कावळो, तुळशीत काटो खुपसताना," ती म्हणाली.

मग सांगितलं का नाहीस, मी ओरडलेच.

"आज सांगतंय, फाल्यां सांगतंय करता करता तिनां दुसरी तुळस आणल्यान. मगे सांगूचा कसा?"

मला इतका संताप आला की तिला लागेल असंच काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, मी निघाले की काकी दर वेळी विचारायची, आवस काय म्हणता. दर वेळी.

आईचा हात सुपात थांबला. मग तू काय सांगायचीस, तिने विचारलं.

बरी आहे म्हणून सांगायचे, मी म्हटलं.

आईने मान हलवली.  मग दुसऱ्या टोकाच्या तुळशीकडे बघत म्हणाली, तिची माती आधी भर. आणि मी चाळलेली माती सुपात घेऊन ती पुन्हा बोटांनी निवडायला लागली.