पिवळा जास्त झालाय

माझ्या साडूंइतका गिटारमध्ये बुडालेला माणूस उभ्या सोलापुरात सापडणार नाही, आणि लग्नानंतरच्या पंचवीस वर्षांत त्यांनी गिटारवर एकही गाणं पूर्ण वाजवलं नव्हतं. त्यांना गाणं नकोच होतं, आवाज हवा होता. टॉवेलच्या कारखान्यात ते रंगखातं सांभाळतात. सुताची लडी उन्हात धरून शेड किंचित चुकली तरी ओळखतात, आणि तीच नजर त्यांनी कानात बसवून घेतली होती. कामावरून आले की एक तार छेडायची, डोळे मिटायचे, इक्वलायझरची एक पट्टी केसभर खाली घ्यायची आणि पुन्हा तीच तार छेडायची. चिरका आवाज त्यांच्या लेखी पिवळा, खर्जातला काळा, मधला विटकरी. घुमारा देणाऱ्या पेडलला ते खळ म्हणत. “खळ जास्त झाली की कापड ताठ दिसतंय, पण अंगाला लागत न्हाय.” मोडनिंबला पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते उठले आणि लाउडस्पीकरवाल्याची बटणं फिरवून आले. विचारलं तर म्हणाले, “भटजी लई पिवळे येत होते.”

मेहुणी मला म्हणायची, “भावजी, हे नुसतं टँव करतात. पुढचं कधी वाजणार?”

गेल्या वर्षी नवरात्रात साडूंनी जाहीर केलं की शेड लागली. दसऱ्याला संध्याकाळी गाणं होणार होतं, तेही मेहुणी सांगेल ते. तिने नवी साडी काढून ठेवली.

आदल्या दिवशी खंडेनवमी. साडू कारखान्यात यंत्रांच्या पूजेला गेले होते आणि घरातली हत्यारं मांडायची होती. मेहुणी म्हणाली, “त्यांच्या सामानाला मी हात लावत नाही. तुम्हीच पुसा.” मी मनापासून पुसलं. ओल्या फडक्याने एकेक बटण घासलं. इक्वलायझरच्या पट्ट्या खालीवर होत्या, पूजेत बऱ्या दिसेनात, म्हणून त्या एका रेषेत आणल्या. मग हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्याला आपट्याची पानं देऊन झाली. साडूंनी एक तार छेडली, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग गिटार खाली ठेवली. “हवा बदललीय,” म्हणाले. मेहुणी उठून पुऱ्या तळायला गेली. मला सगळं कळलं होतं. मी श्रीखंड पुन्हा पुन्हा मागून घेतलं, कारण तोंड रिकामं ठेवायची भीती वाटत होती.

आठ महिने मी हे पोटात ठेवलं. शेवटी एका रविवारी सकाळी जाऊन सांगून टाकलं.

“माहीत हाय की,” साडू म्हणाले. “पिवळ्याच्या पट्टीवर तुमच्या अंगठ्याची हळद हाय. पुसली न्हाय मी.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुम्ही परत आला असता व्हय? हिच्या माहेरचं म्हणून हितं दुसरं येतंय कोण?”

मेहुणी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. “बोलणं झालं असेल तर वाजवा की आता,” ती म्हणाली.

साडूंचा हात सवयीने पट्टीकडे गेला. हळदीपाशी थांबला आणि मागे आला. “पिवळा जास्त झालाय,” ते पुटपुटले, आणि त्यांनी तिचं गाणं सुरू केलं. ते संपेपर्यंत मेहुणीने ट्रे खाली ठेवला नाही. गाणं कसं झालं ते मला सांगता येणार नाही. मी सगळा वेळ त्या हळदीकडे बघत होतो.