उंबऱ्याबाहेरचे अध्यक्ष

नसरीनचा फोन आला तेव्हा मी मुरूडच्या घरी कोकमं वाळत घालत होते. "बाई, अब्बा गेले… सकाळच्या नमाजाला उठलेच नाहीत," एवढंच ती म्हणाली. तिचे अब्बा इब्राहिमभाई खाडीपलीकडच्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचे एके काळचे अध्यक्ष, आणि मी तेव्हा तिथली मुख्याध्यापिका, म्हणून समितीची सचिव. आगरदांड्याहून फेरीबोट धरून मी दिघीला उतरले, तिथून रिक्षानं गावात पोचले, तोवर त्यांना नेलेलं होतं. आता या गोष्टीला काही आठवडे उलटले. खरं सांगते, रडू आलं तसा त्यांचा रागही आला. हा राग जुना आहे आणि तो आता कुणावर काढायचा, हे मला कळत नाही.

ते अध्यक्ष झाले तेच मुळी गमतीनं. आखातातली नोकरी संपवून परत आले, उतारवयात झालेल्या लेकीला त्यांनी आमच्या मराठी शाळेत घातलं. "उर्दू घरात शिकेल, तलाठ्याचा कागद मराठीत येतो," असं त्यांचं म्हणणं. पालकसभेत अध्यक्षपदाचा विषय निघाला की आमच्याकडे सगळे जमिनीकडे बघायला लागतात. इब्राहिमभाईंनी बिचाऱ्यांनी फक्त हात वर करून विचारलं, "अध्यक्षाला नक्की काय काय करता येतं?" झालं! प्रश्न विचारणाऱ्याच्या गळ्यात माळ घालायची ही आमच्या गावची रीतच. पण माणूस चिवट. त्यांनी मला समितीचे सगळे नियम मोठ्यानं वाचायला लावले. शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा, खिचडीची चव घ्यायची, शिक्षक वेळेवर येतात का ते बघायचं… म्हणजे माझ्यावरही लक्ष ठेवायचं! ते त्यांनी ठेवलंही, आणि मला ते सुरुवातीला मुळीच आवडलं नव्हतं.

आधी समितीच्या सभा सकाळी व्हायच्या आणि बायका यायच्याच नाहीत, कारण तेव्हा त्या बंदरावर मासळीच्या लिलावात असत. इब्राहिमभाईंनी सभा दुपारी घेतली. दुसरा नियम त्यांचा स्वतःचा. ठराव आला की दारापासून सुरुवात करून प्रत्येकानं बोलायचं. "हो म्हणा, नाही म्हणा, पण तोंडानं म्हणा. मान हलवलेली मी धरणार नाही." हिरावहिनी मासळी विकताना सगळा बाजार गाजवायची, पण सभेत पदर तोंडावर धरून बसायची. तिलाही त्यांनी बोलतं केलं. पट कमी म्हणून आमची शाळा हमरस्त्यावरच्या मोठ्या शाळेत मिसळायचा प्रस्ताव आला, तेव्हा पहिली तीच कडाडली, "माजी पोर एवढी लांब न्हाय जायाची. शाला हितंच ऱ्हाऊ द्या!" मग एकामागून एक सगळ्यांनी "नाही" म्हटलं. त्या दिवशी इब्राहिमभाईंनी सर्वांना स्वतःच्या हातानं चहा दिला. इतका खुललेला चेहरा मी त्यांचा पुन्हा पाहिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नसरीन चौथी पास झाली. अध्यक्ष पालकच लागतो. मूल शाळेतून गेलं की पालकाचं सभासदत्वही संपतं. शिक्षणतज्ज्ञ म्हणून एक जागा असते, ती घ्या म्हणून मी मागे लागले, तर हसायला लागले. "मी नववी नापास, बाई. मला कसला तज्ज्ञ करता?" जून उजाडला, नवी समिती झाली, हिरावहिनी अध्यक्ष झाली आणि तोच प्रस्ताव परत आला. या खेपेला तालुक्याचे साहेब जातीनं हजर. सभेच्या दिवशी इब्राहिमभाई आले, चपला काढल्या आणि बाहेरच्या पायरीवर बसले. मी दारात जाऊन म्हटलं, "इब्राहिमभाई, बाहेर का बसलात? आत या ना." त्यांनी हात हलवला. आखातात ते कंपनीच्या गोदामावर होते. "आमच्याकडे पास नसला तर मालकाचा भाऊपण आत यायचा नाही. मी आता सभासद न्हाय, बाई. माझ्यामुळं सभेकडे कुणी बोट दाखवायला नको." मी दोनदा आर्जव केलं. मी सरकारी नोकर, साहेबांपुढे माझं तोंड बांधलेलं. त्यांचं तर मोकळं होतं! पण कायदा म्हणजे कायदा.

आत साहेब गोड बोलले. मोठी शाळा, वर्गाला वेगळे शिक्षक, मुलांना न्यायला दारात गाडी. "कुणाची हरकत?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी हिरावहिनीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि मान हलवली. मग सगळ्यांनीच हलवली. शाळा गेली.

गाडी पावसाळाभर आली, मग बंद पडली. मुलं हमरस्त्याच्या कडेनं, अंगावर येणाऱ्या ट्रकांमधून चालत जाऊ लागली. मी निवृत्त होऊन निघाले तेव्हा निरोप द्यायला इब्राहिमभाई फेरीबोटीपर्यंत आले होते. "बाई, मी आत यायला पायजे होतं," ते एकदम म्हणाले. "मला वाटलं कुणीतरी बोलेल. शिकवलं होतं ना सगळ्यांना… आतून आवाज येईना, तर म्हटलं, आता बोलतील, आता बोलतील. तेवढ्यात साहेबांचं 'मंजूर' ऐकू आलं." मी म्हटलं, जाऊ द्या आता. त्यांनी ते जाऊ दिलं नाही. नसरीन सांगत होती, शेवटपर्यंत संध्याकाळी फिरायला निघायचे ते शाळेच्या पायरीपर्यंतच.

तिला भेटून निघाल्यावर माझेही पाय तिकडेच वळले. एका खोलीत आता अंगणवाडी भरते. त्या खोलीत मी इतकी वर्षं काढली, पण पायरीवर कधी बसले नव्हते. बसले. आतला शब्द न शब्द ऐकू येत होता. कुणी पाणी मागत होतं, कुणाचं गाणं चुकत होतं. मध्येच सगळं शांत झालं आणि ती शांतता मला सोसवेना. तेवढ्यात अंगणवाडीताईनं खिडकीतून माझी साडी पाहिली. "बाई, बाहेर का बसलात? आत या ना!" मी नुसती मान हलवली. तिला ती दिसली नसावी, कारण तिनं पुन्हा हाक मारली.

"हो, आले," मी मोठ्यानं म्हटलं, आणि उंबरा ओलांडला.