काटेसाहेबांच्या घरातलं खोटं वजन

बाजारातले दुकानदार त्यांना तोंडावर काटेसाहेब म्हणतात. पाठ फिरली की नुसतंच काटे. वजनमापे खात्यात निरीक्षक. हातात पितळी वजनांची पेटी, कपाळाला कायमची आठी, आणि नजर अशी की तराजूलाच घाम फुटावा. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक म्हणू नका, आतून पोखरलेलं वजन म्हणू नका, एकवीस वर्षांत त्यांच्या हातून काही सुटलं नाही. "माझ्यासमोर काटा मारणारा अजून जन्माला यायचाय," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत, आणि बायको दुसऱ्या खोलीत जाऊन हसून येई.

त्यांची मुलगी मुंगी. वय नऊ. जन्माच्या वेळीच मेंदूला इजा झाली, सेरेब्रल पाल्सी. पायांचे स्नायू आखडलेले आणि वर अशक्त. जीभ मात्र दोन्ही नाही. सपाटीवर वॉकर घेऊन फिरायची, पण जिना म्हटला की कोणीतरी उचलायचंच.

आता घोळ असा झाला, की चौथीचा वर्ग शाळेच्या वरच्या मजल्यावर. अठरा पायऱ्या. मोठ्या बाईंनी सांगून टाकलं, "कठडा धरून स्वतः चढली तर वर. नाहीतर खाली, तिसरीच्या मुलांत बसेल."

"मग वर्गच खाली आणा!" काटेसाहेब कडाडले.

"खाली ऑफिस आहे, साहेब."

"ऑफिस वर न्या! ऑफिसला काय पाय आखडलेत?"

तीन अर्ज केले. तिन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचंही नाही. मुंगी म्हणाली, "मी बाळांच्या वर्गात बसणार नाही. मेले तरी नाही." शाळा उघडायला बारा आठवडे होते.

मग व्यायामाच्या बाई आल्या. उंचीने बेताच्या, आवाजाने हवालदार. त्यांनी मुंगीसाठी एक जाकीट शिवून घेतलं, खिशाखिशांत वाळूच्या पुड्या. ते घालून बुटक्या स्टुलावरून उठायचं, बसायचं. मग ठोकळ्यावर चढायचं. दहा वेळा, असं तीनदा, एक दिवसाआड. दर आठवड्याला वाळू थोडी वाढवायची.

अक्का, म्हणजे काटेसाहेबांची थोरली बहीण, पहिल्याच दिवशी आडवी आली. "पोरीचे पाय आधीच ताठ, त्यात आणखी ताकद भरता? आणखी ताठ होतील!"

"पूर्वी असं समजायचे, अक्का. पण तसं होत नाही हे आता कळलंय," बाई म्हणाल्या. "स्नायू ताठ आहे म्हणजे तो दांडगा आहे असं नाही. तो दुबळाही आहे. आणि तो भोळा नाही बरं का; खरंच जड लागलं तरच वाढायचं मनावर घेतो. आठव्या-नवव्या उठण्याला पाय थरथरायला हवेत. मधला सुट्टीचा दिवसही हवाच."

पाच आठवडे गेले. दिवसाआड संध्याकाळी काटेसाहेब समोर बसून मोठ्याने मोजत. कागदावर वाळू वाढत होती. सहाव्या आठवड्यात बाईंनी पायांचा जोर पाहिला आणि भुवया वर गेल्या.

"पहिल्या दिवसाइतकाच आहे. नीट करून घेता ना?"

काटेसाहेबांचा असा अपमान उभ्या बाजारात कोणी केला नव्हता. बाई गेल्यावर त्यांनी पेटी उघडली, तराजू लावला आणि जाकीट पारड्यात टाकलं. कागदावर दोन किलो. पारड्यात एक किलो शंभर.

"घरात काटा मारताय?" आवाज शेजारच्या तीन घरांत पोचला. "माझ्या घरात?"

बायकोने पदराशी चाळा सुरू केला. "अहो, मी दोनच पुड्या काढल्या. तोंड लाल व्हायचं हो तिचं..."

"दोन? मग बाकीच्या?"

सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं. अक्का खिडकीबाहेर पाहू लागली. "कुंडीत माती कमी होती," ती म्हणाली.

"कुंडीत! पोरीचे पाय कुंडीत घातले तुम्ही! बाजारातले चोर बरे, ते निदान नफ्यासाठी करतात!"

"आणि बाबा, तू सातनंतर एकदम नऊ म्हणतोस," मुंगी स्टुलावरून म्हणाली.

अक्काने मान खिडकीतून आत वळवली.

"मी?"

"दर खेपेला. तिन्ही वेळा."

"मग बोलली का नाहीस, गधडे?"

"मला काय, मला बरंच होतं."

काटेसाहेब धपकन खाली बसले. सातव्या वेळेला तिचा ओठ थरथरतो, हे त्यांनाही दिसत होतं. आपली जीभ त्याच वेळी घसरते, हे मात्र कायद्याच्या पुस्तकात लिहिलेल्या कुठल्याच गुन्ह्यात बसत नव्हतं. अक्काला हसू आवरेना. "अरे, शिक्का मार की स्वतःच्या तोंडावर!"

राहिलेले सहा आठवडे मात्र खरे झाले. खिशांना टाके घातले, टाक्यांवर लाखेचं सील. व्यायामाच्या वेळी अक्काला घराबाहेर काढण्यात येई. ती दारापाशी उभी राहून आतल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात उसासे टाकी. मोजायचं काम मुंगीने स्वतःकडे घेतलं. पाय लटपटले, रड झाली, "तुम्ही सगळे दुष्ट आहात" हे वाक्य शंभरदा झालं. पण दहाव्या आठवड्यात ती ठोकळ्यावर काहीही न धरता चढली, आणि बाईंनी पहिल्यांदा भुवया खाली ठेवल्या.

शाळा उघडली. अठरा पायऱ्यांना मुंगीने अकरा मिनिटं घेतली. चौदावीवर बसली, कोणी पुढे आलं तर बघून घेईन अशा नजरेने चौफेर पाहिलं, उठली, आणि वर गेली. वर्गाच्या बाई तिला उशिरा आल्याबद्दल रागावल्यासुद्धा. काटेसाहेब खाली उभे राहून नाक शिंकरत होते. धूळ फार आहे म्हणाले.

दुपारी शाळा सुटली, मुंगी जिन्याच्या तोंडाशी आली, आणि थांबली.

उतरायचं कोणी शिकवलंच नव्हतं.

न्यायला आलेल्या काटेसाहेबांनी खालूनच व्यायामाच्या बाईंना फोन लावला. "बाई, ती चढली, पण उतरेना!"

"उतरताना स्नायूला ताणता ताणता धरून ठेवावं लागतं, साहेब. ते वेगळं काम. मी दोनदा सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा वाळूवरून भांडत होता."

फोन चालू असतानाच मुंगी खाली बसली आणि बुडावरून एकेक पायरी सरकायला लागली. तिच्या मागची मैत्रीण बसली. मग तिच्यामागची. बघता बघता अख्खी चौथी बुडावर बसून, खिदळत, नव्या कोऱ्या गणवेशांनी जिना पुसत खाली यायला लागली.

मोठ्या बाई ऑफिसातून धावत आल्या. "हा काय तमाशा! रोज असंच चालणार का?"

काटेसाहेबांनी बोटांवर हिशेब केला.

"सहा आठवडे तरी," ते म्हणाले.