त्याचाच समजा

"वैजनाथ, तू माह्या दुकानात पोटभाडेकरू घातला!"

"पोटासाठीच बसला हो तो, शंकरराव. बाहेर ऊन खात होता."

"ऊन खाओ नाहीतर भाकर खाओ. मले इचारलं काऊन नाही?"

अमडापूरच्या बाजारात आमची न्हाणी आणि वैजनाथ शिंप्याचं दुकान यांत एकच भिंत. त्यामुळं हे भांडण मी अंगावर पाणी घेता घेता फुकटात ऐकलं. शंकरराव जागेचे मालक. वैजनाथ बापापासूनचा भाडेकरू, आणि उरलेली चिंधीसुद्धा गिऱ्हाइकाला परत करणारा शिंपी. असा दुसरा मी पाहिला नाही. भांडण ज्याच्यावरून, तो कुलदीप दोन लेकरांचा बाप, रस्त्यावर खोका मांडून मोबाइल दुरुस्त करायचा. वैजनाथनं त्याला दुकानात एक कोपरा दिला. भाडं नाही. वैजनाथला सुईचं नाक दिसेना, तर कुलदीप दोरा ओवून द्यायचा, एवढंच.

शंकररावांनी कोर्टात दावा लावला. न विचारता दुसरा बसवला, दुकान खाली करा.

आता आपल्याकडची रीत पाहा. पाहुणा म्हणाला, "घर झकास आहे," की आपण म्हणतो, "तुमचंच समजा." म्हणून काही पाहुणा सातबारा मागत नाही. मालकाच्या वकिलानं विचारलं, "कुलदीप बसतो तो कोपरा कोणाचा?" कुलदीप समोरच उभा. वैजनाथनं हात जोडले. "त्याचाच समजा, साहेब."

जजसाहेबांनी तसंच समजून लिहून घेतलं, पोटभाडेकरू कबूल.

"काऊन रे बाबा, जीभ चावता नाही आली?" मी त्याला झापलं.

"त्याच्या तोंडावर 'माहा हाय' कसं म्हणू काकू? लाज वाटली."

लाज राहिली, दुकान गेलं. कुलदीपनं मान खाली घालून खोका उचलला, तो परत दिसला नाही. वैजनाथची मशीन रस्त्यावर आली आणि शटरला शंकररावांचं कुलूप लागलं. मग तो घरच्या ओट्यावर शिवायचा. त्याचं जेवण सुटलं, बोलणं त्याआधीच सुटलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही.

आदल्या सांजेला माझं पोलकं घेऊन आला होता. शिवण वाकडी गेलेली, दोरा जागोजाग तुटलेला. मी म्हटलं, छान झालं. त्यानं नेहमीसारखी खिशातून बारकी पुडी काढली, माझ्या हातावर ठेवली.

"चिंधी उरली होती, काकू. तुमची तुमाले."